मामाची दुनळी: देवगडातल्या एका घराला बंदूक निवडताना

२०२५ च्या जानेवारीत एका रात्री दोनच्या सुमाराला मामाच्या मागच्या दाराची कडी वाजली. घर देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, वाडीतलं अगदी शेवटचं. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे पण ते मुंबईकरांचं, म्हणजे गणपती आणि मे महिना सोडला तर वर्षभर कुलूप. त्याच महिन्यात वाडीतली अशी दोन बंद घरं फुटली होती, त्यामुळे सगळेच जरा घाबरलेले. मामा उठला, माजघरातल्या खुंटीवरची दुनळी काढली, दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली, दोन्ही घोडे, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या मागच्या हातोड्या, मागे ओढले आणि बत्ती न लावता अंधारातच मागच्या पडवीत गेला.

दाराबाहेर बागेतला नेपाळी गडी उभा होता. कडेवर त्याची चार वर्षांची मुलगी, तापाने फणफणलेली. बागेतल्या खोपीत मोबाईलला रेंज नाही म्हणून तो पोरीला घेऊन थेट घरी आला होता.

मामाने आवाज ओळखला, दार उघडलं आणि सुटलो म्हणून घोडे खाली सोडायला घेतले. उजवा नीट उतरला. डाव्याला अंगठा घामाने निसटला आणि बार झाला. नळी वर होती म्हणून बरं. कौलं फुटली, एका वाशाचा टवका उडाला, खापऱ्या त्या पोरीच्या डोक्यावर पडल्या, आणि मामाला पुढचे दोन दिवस डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. पोरीला सकाळी दवाखान्यात नेली, ती आता चांगली आहे. नळी फूटभर खाली असती तर काय झालं असतं हे मामाने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी हे सगळं लिहितोय कारण त्यानंतर चार महिने आम्ही एकाच गोष्टीवर डोकं लावत होतो, या घरात बंदूक ठेवायचीच असेल तर कोणती. मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारा, होतो, निवृत्त होऊन कुडाळला असतो, त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात बंदुकीचं काही निघालं की फोन मलाच येतो. मामेभावाने भांडुपहून दुसऱ्याच दिवशी फोन केला, "दादा, ती जुनी भंगारात काढ, आपण नवीन पंप अॅक्शन घेऊया, मी पैसे पाठवतो." पंप अॅक्शन म्हणजे पुढचं लाकूड मागेपुढे ओढून दर बाराला नवं काडतूस आत घेणारी बंदूक. मामाचं म्हणणं वेगळंच, "बंदुकीचो काय दोष नाय रे झिला, माझो हात घसारलो." दोघांचं अर्धं अर्धं बरोबर होतं.

आधी एक सांगतो, त्या बाराचं मामाने लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन सांगून आला. काडतुसांचा हिशेब ठेवावाच लागतो आणि मुळात अशी गोष्ट लपवणाऱ्याच्या हातात बंदूक असूच नये. जबाब झाला, समज मिळाली, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय भरणार नाही असं त्याने लिहून दिलं.

मग मी गेलो आणि पहिल्यांदा ती दुनळी हातात घेतली. आजोबांची, बेल्जियम बनावटीची, १२ बोअर, बाहेर घोडे असलेली, ३० इंची नळ्या. परवान्याचं पहिलं पुस्तक रत्नागिरीचं, कारण तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. पुढचे शिक्के ओरोसचे, म्हणजे सिंधुदुर्गाच्या मुख्यालयाचे. फळीवर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडावर, जुन्या लोकांच्या हाताने पडलेली झिलई, बघितल्यावर प्रेम बसावं अशी वस्तू. पण वस्तू सुंदर असणं आणि चालवण्यालायक असणं यात फरक आहे, म्हणून मी नेहमीसारखी तपासली. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद केली आणि फळी धरून हलवली, तर बिजागराकडे बारीक टकटक, म्हणजे नळ्या आणि मागची बॉडी यांच्यात ढिलाई आलेली. नळीतून उजेडाकडे बघितलं तर काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे गंजाचे खड्डे. आणि डावा घोडा. घोड्याच्या बंदुकीत घोडा अर्धा मागे ओढला की एका खाचेत अडकतो, ती खाच याचसाठी की चाप सोडलेला असताना घोडा निसटलाच तर मध्ये अडकावा, काडतूस फोडणाऱ्या खिळीवर आदळू नये. उजव्याची खाच शाबूत होती. डाव्याची इतकी झिजलेली की अंगठ्याने नुसता पुढे ढकलला तरी घसरत होता. त्या रात्री मामाने चाप सोडला होता, अंगठा निसटला, खाचेने धरायला हवं होतं, तिने धरलं नाही. म्हणजे हात घसरला हे खरं पण बंदुकीचा दोष नाही हे खरं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली जी मला घोड्यापेक्षा जास्त लागली. जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिलीमीटरचे असतात, अडीच इंच. हिचाही तेवढाच. आणि मामाच्या डब्यात काडतुसं होती ७० ची. आता हे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात जातं, बंदूक बंदही होते, कारण ७० हे माप बार झाल्यावर पुढचं तोंड उलगडतं तेव्हाचं असतं, बंद असताना ते आखूडच असतं. बार होतो तेव्हा तोंड उलगडायला जागा नसते, ते नळीच्या निमुळत्या भागात उघडतं आणि आतला दाब वाढतो. नवीन मजबूत नळी एखाद वेळ सहन करेल, खड्डे पडलेली सत्तर वर्षांची नळी कधी दगा देईल सांगता येत नाही आणि डावा हात नेमका तिथेच असतो. आपल्या कोकणात अशा जुन्या बंदुका घराघरांत आहेत आणि काडतूस "१२ नंबरचं द्या" म्हणून आणलं जातं, लांबी कोणी बघत नाही. बघा हो. काडतुसाच्या नळकांड्यावर किंवा खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि चेंबरचं माप नळीखाली कोरलेलं नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या.

तर जुनी बाद. मामाला हे पटायला दोन दिवस लागले, तो जेवला पण नीट नाही. परवाना आजोबांनंतर त्याच्या नावावर आला तेव्हापासून ती बंदूक त्याने दर आठवड्याला पुसलेली.

पुढचा प्रश्न मामेभावाचा, कोणती घ्यायची. त्याने फोनवर चार व्हिडिओ पाठवले होते, सगळे परदेशातले, सगळ्यांत एक माणूस बंदूक खांद्याला लावून खोल्या खोल्या फिरतोय. मी त्याला म्हटलं बाबा रे, आधी मला घर मोजू दे. आणि खरंच टेप घेऊन मोजलं. पुढची पडवी, ओटी, माजघर, बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. बाहेरच्या भिंती नऊ इंची चिऱ्याच्या. आतल्या सगळ्या तशा नाहीत, माजघर आणि बाजूच्या खोलीमध्ये पूर्वी कुड होता, तो काढून मामेभावाने प्लायवूड मारलेलं, आणि मे महिन्यात भावाची मुलं त्या प्लायवूडच्या पलीकडच्या पलंगावर झोपतात. घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा साडेसात मीटर. मामा मामी झोपतात त्या खोलीत कोपऱ्यातल्या पलंगापासून दारापर्यंत जेमतेम चार.

मग माणसं. मामा ७४ चा, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बोटं सकाळी आखडलेली असतात, खांदा मात्र अजून ठीक. मामी ६६ ची, तब्येतीने बारीक. भाऊ वर्षातून दोनदा येतो. म्हणजे बंदूक वापरणारा असलाच तर एकच, आणि परवान्यावर नावही त्याचंच. मामी म्हणाली, "ह्यां धूड माझ्यान उचलवत नाय, माझ्या हातात देव पण नकात, पण उघडूची कशी तां माका दाखवा, ह्येंका काय झाला तर भरलेली बंदूक घरात घेवन बसू काय मी?" मला वाटतं त्या चार महिन्यांत सगळ्यात शहाणं वाक्य हेच होतं, आणि पुढची निवड बरीचशी त्यावरच झाली.

त्यानंतर आम्ही त्या रात्रीची उजळणी केली. अक्षरशः. मामाला पलंगावर झोपवलं, मी मागची कडी वाजवली, आणि तू काय केलंस ते परत कर म्हटलं. रिकाम्या बंदुकीने केलं, दोनदा उघडून बघून. तेव्हा दिसलं की ३० इंची नळीची बंदूक, म्हणजे एकंदर पावणेचार फुटाच्या वर लांबी, माजघराच्या दारातून वळताना एकदा चौकटीला आपटते, पडवीत वळताना दुसऱ्यांदा, आणि दार उघडायला एक हात सोडावा लागतो तेव्हा सगळं वजन उजव्या हातावर येतं, नळी खाली झुकते आणि बोट आपोआप चापाकडे जातं. बाहेर गडी होता म्हणून, खरोखर कोणी वाईट हेतूने असता तर दारात नळी पकडून ओढायला त्याला काहीच लागलं नसतं.

भाऊ लगेच म्हणाला म्हणूनच छोटी हवी, जुनीच नळी कापून घेऊ. हे करूच नका कोणी. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याच्या कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणं हा गुन्हा आहे, आणि गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा साधा परवाना २० इंचापेक्षा कमी नळीला मिळत नाही.

पण खरं उत्तर दुसरं निघालं. मामाने फिरायचंच कशाला? घरात सांभाळायचं काय आहे, तर दोन माणसं. ती एकाच खोलीत आहेत. कडी वाजली तर दोघांनी त्याच खोलीत राहायचं, खोलीचं दार आतून लावायचं, मामीने ११२ ला फोन करायचा आणि गावातल्या पुतण्याला करायचा, मामाने पलंगाच्या मागच्या कोपऱ्यात दाराकडे तोंड करून बसायचं आणि मोठ्याने विचारायचं कोण आहे, बंदूक आहे माझ्याकडे. ओटीवरची पितळेची भांडी गेली तर जाऊ देत. हे ठरलं तशी लांबीची सगळी चर्चाच संपली, कारण कोपऱ्यात बसलेल्या माणसाला २८ इंची नळी आडवी येत नाही.

मग पंप अॅक्शन की दुनळी की एकनळी. फोंडा घाटाने कोल्हापूरला एका डीलरकडे गेलो, मामाला घेऊन, कारण वापरणाऱ्याच्या खांद्याला लावल्याशिवाय बंदूक घेऊ नये, चप्पलसुद्धा आपण पायात घालून बघतो. पंप अॅक्शनबद्दल माझं मन वाईट नाही. नळीखालच्या मॅगझिनमध्ये जास्त काडतुसं बसतात, बांधा दणकट, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीही बनवत आली आहे, आणि तरण्याताठ्या, सराव असलेल्या माणसाच्या हातात ती घरासाठी दुनळीपेक्षा सरसच ठरेल. पण तिचं सगळं काम पुढचं लाकूड पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे ओढण्यावर. घाबरलेला माणूस अर्धंच ओढतो. मामाला डमी काडतुसं देऊन पाच वेळा करायला लावलं, दोनदा काडतूस मध्येच अडकलं आणि ते सोडवताना त्याची नळी डीलरच्या पोराकडे वळली. दुसरं म्हणजे आत काडतूस आहे की नाही हे बाहेरून बघून कळत नाही, मॅगझिन रिकामं केलं तरी चेंबरमध्ये एक राहू शकतं, आणि अशाच राहिलेल्या एकाने माणसं जातात. मामीला समजावून बघितलं, तिने सरळ मान हलवली.

दुनळी मोडली, म्हणजे बिजागरावर उघडली, की समोर दोन भोकं दिसतात. पितळ दिसलं तर भरलेली, उजेड दिसला तर रिकामी. अंधारात बोट घालून पण कळतं. मामीला एकदाच दाखवलं, तिने स्वतःहून परत करून दाखवलं, खटका बाजूला, नळ्या खाली, दोन्ही काढ, पलंगावर ठेव. दोन बार हे कमी वाटतात भावाला, मी समजू शकतो, पण बंद खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला तिसऱ्या बाराची वेळ येईल असं गणित मांडण्यापेक्षा पहिलाच बार चुकीच्या माणसावर होऊ नये हे गणित आमच्यासाठी जास्त खरं होतं, आम्ही ते नुकतंच बघितलेलं. एकनळी हलकी आणि स्वस्त, तिच्यावरही विचार झाला, पण हलकी असल्याने धक्का जास्त मारते, मामाने खांद्याला लावून नाही म्हटलं. पिस्तूल रिव्हॉल्व्हरचा विषय मामेभावाने काढला आणि मीच बंद केला, लहान नळीने दणक्यात नेम धरणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे.

घेतली ती १२ बोअरची, आत घोडे असलेली दुनळी, २८ इंची नळी, चेंबर ७० चा. १२ च का, तर काडतूस. बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या किती शिशाच्या गोळ्या एक पौंडात बसतात तो आकडा, १२ बसतात म्हणून १२ बोअर, नळीचं भोक साधारण साडेअठरा मिलीमीटर. १६ किंवा २० बोअरचा धक्का कमी असतो, मामाच्या खांद्याला ते बरं झालं असतं, पण आपल्याकडे दुकानात हमखास मिळतं ते १२ चंच. फळी मामाला लांब होत होती, चापापर्यंत बोट ताणावं लागत होतं, ती मिस्त्रीकडून पाऊण इंच कमी करून मागे रबर लावून घेतलं. त्या पाऊण इंचाने जेवढा फरक पडला तेवढा ब्रँडने पडला नसता. आणि एक लक्षात ठेवा, या बाहेर घोडे नसलेल्या दुनळीचं सेफ्टीचं बटण बहुतेक वेळा फक्त चाप अडवतं, आतले घोडे नाही, म्हणजे भरलेली बंदूक आपटून पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. म्हणून भरलेली ठेवायची नाही. कोपऱ्यात बसल्यावर भरायची.

काडतुसाचं आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जाऊन बघितलं कारण त्यावर लोकांचे फार गैरसमज आहेत. सगळे म्हणतात छर्ऱ्याची बंदूक, नेम लागत नाही, खोली भरून छर्रे जातात. वर्तमानपत्राचा कागद पाच मीटरवर लावला, बार केला, भोक पडलं ते मामाच्या मुठीएवढं. पंधरा मीटरवर मोठ्या ताटाएवढं झालं. म्हणजे घराच्या आत ती एकच गोळी धरून चाला, नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर पूर्ण चुकतो. मग जुनं प्लायवूड उभं केलं, भावाच्या खोलीतलं उरलेलं, तेच १२ मिलीमीटरचं, हाताच्या अंतराने दोन फळ्या. एसजीचे मोठे छर्रे दोन्हीतून पार. चार नंबरचा बारीक छर्रा, जो लोक "काय नाय होत त्याने" म्हणून वापरतात, त्याने पण पाच मीटरवरून पहिल्या फळीला भगदाड पाडलं. भाऊ त्या दिवशी मुद्दाम मुंबईहून आला होता. ती फळी हातात घेऊन तो बराच वेळ त्या भोकातून बोट घालत उभा राहिला, काही बोलला नाही.

त्याच रात्री पलंग हलवले. छर्रा बारीक करून माणूस थांबणार नाही आणि भिंतीपलीकडचं पोर वाचेलच असंही नाही, त्यापेक्षा नळीची दिशाच बदलायची. मामाचा पलंग आता अशा कोपऱ्यात आहे की दाराकडे नळी केली तर दाराच्या मागे थेट बाहेरची चिऱ्याची भिंत येते, प्लायवूडची बाजू त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे राहते. मुलांचे पलंग दुसऱ्या टोकाला. दाराची ती रेषा मामाने जमिनीवर खडूने आखून घेतली आणि शेणाने सारवताना ती पुसली गेली तेव्हा मामीने सारवून झाल्यावर परत आखली. ही दिशा पक्की झाल्यावर काडतूस एसजी ठरवलं. बारीक छर्रा ठेवला असता तर मामालाच वाटलं असतं की हे जरा हलकं आहे, चालवून बघू, आणि मला ते नको होतं.

कायद्याचं मामाला मी दोनदा समजावलं कारण त्याच्या डोक्यात नारळचोर, आंबाचोर सगळे एकाच रांगेत होते. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू, आधी भारतीय दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती. बागेतून आंबे चोरणाऱ्यावर, पळणाऱ्या चोरावर गोळी झाडायचा हक्क कुठेच नाही. सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणारा, दरोडा, घराला आग, जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरीखुरी भीती, अशा ठिकाणी कायदा हात उचलू देतो, पण तिथेही कलम ३७ म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. म्हणून फोन आधी. हवेत बार करून घाबरवू असं म्हणणाऱ्यांना पण सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

रानडुकरांचं मामाने विचारलंच, परवान्यावर शेतीसंरक्षण लिहिलंय ना म्हणून. लिहिलंय, पण डुक्कर वन्यजीव कायद्यात येतं, वनखात्याची परवानगी असल्याशिवाय मारता येत नाही. घरातली काडतुसं बागेत न्यायची नाहीत हे त्याने माझ्यासमोर मान्य केलं.

भावाच्या नावावर परवाना करायचा विचारही झाला. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, परवानेधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली की तो वारसाचं नाव देऊ शकतो. पण भाऊ राहतो भांडुपला. बंदूक त्याच्या नावावर गेली तर ती मामाने गावात एकट्याने ठेवायची कशी? सध्या मामाच्याच नावावर आहे. नवीन बंदुकीची नोंद करून जुनी डीलरकडे जमा झाली. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचे डोळे आणि हात बघून ठरवायचं, आणि नको वाटलं तर हीसुद्धा जमा करायची, हे मामाने स्वतः बोलून दाखवलं.

बंदूक नसेल तेव्हा काय हाही प्रश्न होताच. २०२४ ला १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, आपल्याकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. मामाने बंदूक जमा केली होती, म्हणजे अख्खा आंब्याचा सीझन, घरात पैसे येतात तेव्हाच ती घरात नव्हती. नोव्हेंबरात विधानसभेला परत तेच. म्हणून बंदुकीच्या आधी मागच्या पडवीला लोखंडी ग्रील बसवलं, खोलीच्या दाराला आतून दोन जाड कड्या, आणि दोन्ही पडव्यांना माणूस आला की लागणारे दिवे. याचा बंदुकीशी थेट संबंध आहे. कपाट उघडून, दुसऱ्या कपाटातली काडतुसं काढून, कोपऱ्यात बसून भरायला मामाला पहिल्यांदा सव्वा मिनिट लागला, सरावाने चाळीस सेकंदांवर आला. तेवढा वेळ त्या ग्रीलने आणि दाराने द्यायला हवा, मग बंदूक भरून खुंटीवर टांगायची गरज उरत नाही.

ठेवण्याबद्दल शेवटचं, कारण खाडीकडेला हवा खारट असते आणि जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामाघूम होतात. मामाची जुनी सवय कापडी म्यानात घालून ठेवायची. म्यान दमट हवा धरून ठेवतं, नळ्यांवर महिन्याभरात लाल ठिपके येतात, मी स्वतः बघितलेत. आता भिंतीत बोल्ट मारलेलं पत्र्याचं कपाट, बंदूक उघडी, नळीत तेलाचा हलका हात, पावसात दर रविवारी पुसायची. काडतुसं वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. जुन्या डब्यात कागदी नळकांड्याची सात काडतुसं निघाली, ओलीने इतकी फुगलेली की चेंबरमध्ये अर्धी जाऊन अडकत होती, बुडाचं पितळ हिरवं. ती पण डीलरकडे दिली. किल्ल्या दोन, एक मामाच्या जानव्याला, दुसरी मामीकडे, कुठे ते तिने मलाही सांगितलं नाही.

गड्याच्या खोपीजवळ रेंज मिळत नव्हती, तर भावाने बागेच्या वरच्या गडग्यापासून घरापर्यंत वायर ओढून बेल लावून दिली, बटण खोपीत. पोरगी दुपारी ती उगाच वाजवते आणि मामी तिला काहीतरी खाऊ घेऊन जाते. फुटलेल्या कौलांच्या जागी नवीन कौलं चढवली, ती बाकीच्यांपेक्षा लाल दिसतात अजून, टवका उडालेला वासा मात्र मामाने बदलू दिला नाही.